मिरच्यांच्या वाटणीचं ऊन

वसईतल्या पापडीतून एखाद्या घरचा सोलरसाठी फोन आला की मी आधी गच्चीवर जात नाही, आधी विजेचं बिल मागतो. लोकांना ते विचित्र वाटतं. शिडी आणि टेप घेऊन आलेला माणूस ओटीवर बसून कागद चाळायला लागला की हा कारागीर की नुसता एजंट, असा प्रश्न त्यांच्या तोंडावर दिसतो. पण बिलावर मागच्या महिन्यांच्या वापराच्या काड्या छापलेल्या असतात ना, उंच-बुटक्या, त्यांत अख्खं घर दिसतं. एप्रिल-मेच्या दोन काड्या ताडासारख्या वाढल्या असतील तर घरात एसी आलाय. डिसेंबरची एकटीच काडी उंच असेल तर नाताळला परदेशातली मंडळी येऊन गेली. आणि बाराही काड्या सारख्याच बुटक्या असतील तर घरात एकच माणूस आहे, म्हातारं, आणि संध्याकाळी दिवा एकाच खोलीत लागतो.

असंच बारा बुटक्या काड्यांचं एक बिल माझ्या हातात आलं होतं. तामतलावाच्या बाजूला जुनं कौलारू घर, मावशी एकट्या. मुलगा कॅनडात. त्याने तिथूनच सगळं बघून तीन किलोवॉट नक्की केलं होतं, मला फक्त लावायचं होतं. मावशींचा वापर महिन्याला साठ युनिट. बिल साडेपाचशेच्या आसपास. मी बिलाच्या पाठीवर हिशेब मांडला. तीन सोडा, एकच किलोवॉट लावला आणि बिलातले सगळे युनिट पुसले, तरी स्थिर आकार आणि त्यावरचं शुल्क मिळून दीडशे रुपये भरावेच लागणार. म्हणजे सुटतात महिन्याला चारशे. सबसिडी जाऊन खिशातून जाणार पंचेचाळीस हजार. नऊ वर्षं नुसती मुद्दल वसूल व्हायला. मावशींचं वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर.

मुलाला व्हिडिओ कॉलवर हे सांगितलं. तो म्हणाला, "पैसे मी देतोय ना?" मी म्हटलं, "हो, पण कौलांखालचे वासे माझ्याच्याने तपासवत नाहीत." त्याने फोन ठेवला. मावशी चहा घेऊन आल्या आणि हळूच म्हणाल्या, "त्याला पैसे घालवायचेच असतील तर वाडीच्या तळ्यावरची, त्या बावखलावरची मोटर बदलून देशील का?" मोटर बदलून दिली. सोलरच्या धंद्यातली माझी ती सगळ्यात छोटी कमाई, पण त्या वाडीतून नंतर सहा घरांचे फोन आले.

मी मूळचा वायरमन. बाभोळ्यापासून पारनाक्यापर्यंत अर्ध्या घरांच्या भिंतींत माझ्या हातच्या वायरी आहेत. सोलरकडे वळलो तेव्हा लोक 'सूर्या'चं नाव काढलं की पाण्याचीच चौकशी करायचे. वसई-विरारला धामणी धरणातून, सूर्या नदीचं पाणी येतं, त्यामुळे आमच्याकडे सूर्या म्हणजे नळ. मग १३ फेब्रुवारी २०२४ ला केंद्राची सूर्यघर योजना जाहीर झाली. एक कोटी घरं, ७५,०२१ कोटी रुपये. पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी तीस हजार, तिसऱ्याला अठरा हजार, त्यापुढे कितीही लावा, अठ्ठ्याहत्तर हजारांवर एक पैसा नाही. त्या एका आकड्याने आमचा धंदा रातोरात बदलला. काल मोबाइलची कव्हरं विकणारा आज सोलरचा सल्लागार झाला.

आता आतली गोष्ट सांगतो. विक्रीवाल्याच्या मोबाइलमध्ये एक रंगीत पान असतं. त्यावर पंचवीस वर्षांत तुमचे पंधरा-वीस लाख वाचतील असं लिहिलेलं असतं. हा आकडा येतो कुठून? विजेचा दर दरवर्षी पाच-सहा टक्के वाढणार असं धरून, चक्रवाढ लावून. गंमत म्हणजे जून २०२५ मध्ये नियामक आयोगाच्या आदेशानंतर राज्यात दर टप्प्याटप्प्याने उतरतील, असं सरकारनेच जाहीर केलं. त्या दिवशी मी ओळखीच्या एका विक्रीवाल्याला विचारलं, पान बदललंस का? तो म्हणाला, "दर उतरले तरी पान कशाला उतरवू?"

खरा हिशेब पानावर नसतो, बिलाच्या टप्प्यांत असतो. २०२४-२५ च्या दरपत्रकात पहिल्या शंभर युनिटांना वहन आकार धरून ५ रुपये ८८ पैसे. एकशे एकाव्या युनिटपासून ११ रुपये ४६ पैसे. तीनशेच्या पुढे १५ रुपये ७२ पैसे. वर १६ टक्के वीज शुल्क. म्हणजे वीज तीच, तार तीच, पण महिन्याच्या शेवटी वापरलेलं युनिट पहिल्या युनिटच्या दुप्पट-अडीचपट महाग. सोलर हे बिल वरून खातं, बुडातून नाही. पहिला किलोवॉट महागडे युनिट खातो, दुसरा जरा स्वस्त, आणि शेवटचा किलोवॉट नुसती साय नसलेल्या ताकासारखी पहिली शंभर युनिटं. म्हणून चारशे युनिटवाल्याला जे फळतं ते साठ युनिटवाल्या मावशींना फळत नाही. हे एवढं गिऱ्हाइकाला समजलं की निम्मी मोठी कोटेशनं आपोआप छोटी होतात. म्हणून ते कोणी समजावत नाही.

हा हिशेब मीच लोकांना शिकवतो असं मला वाटायचं, पण तो पापडीतल्याच एका निवृत्त गणिताच्या सरांनी माझ्याकडून दुरुस्त करून घेतला. कॅथेड्रलच्या मागच्या बाजूला त्यांचं एक मजली घर. सरांचा वापर बरोबर तीनशेचा. मी थाटात सांगितलं: तीन किलोवॉट, सहा पॅनेल, एक लाख अठ्ठ्याण्णव हजार. सबसिडी जाऊन एक लाख वीस. महिन्याला बिल तीन हजार चारशे नव्वदच्या घरात येतं, ते दीडशेवर येईल. वर्षाला चाळीस हजार वाचले. तीन वर्षांत पैसे वसूल, पुढची बावीस वर्षं फुकट.

सरांनी चौकोनी रकान्यांची वही काढली. पेन्सिलीला टोक केलं. मग मला एकेक प्रश्न.

"सबसिडी आधी मिळते की नंतर?"

"नंतर, सर. मीटर बसून तपासणी झाल्यावर खात्यात येते."

"म्हणजे आज मी एक अठ्ठ्याण्णव द्यायचे. ते एक वीस नव्हेत." त्यांनी लिहिलं. "हे पैसे माझ्या एफडीत आहेत. सात टक्के. एक वीसचं व्याज वर्षाला आठ हजार चारशे. ते जाणार की नाही?"

जाणार.

"इन्व्हर्टर पंचवीस वर्षं टिकतो?"

इथे मी जरा घुटमळलो. पॅनेलवर पंचवीस वर्षांची हमी असते, तीही शेवटाला ऐंशी टक्क्यांच्या आसपास वीज देईल एवढीच. इन्व्हर्टरचं आयुष्य दहा-बारा वर्षं. बदलायला आजच्या भावाने चाळीस-पंचेचाळीस हजार.

"म्हणजे दरवर्षी चार हजार बाजूला काढून ठेवायचे. आणि धुणार कोण? माझे गुडघे बघितलेस का?"

धुण्याचे वर्षाला दोन हजार धरले. सरांनी चाळीसातून आठ हजार चारशे, चार हजार आणि दोन हजार वजा केले. उरले पंचवीस हजार सहाशे. एक वीसला त्याने भागलं आणि वही माझ्याकडे फिरवली. पावणेपाच वर्षं.

"तीन म्हणालास तू."

मी गप्प. मग तेच म्हणाले, "वाईट नाही. मला वाटलं होतं आठ निघतील. लाव."

सरांनी मला अजून एक गोष्ट दाखवली, ती मी इतकी वर्षं डोळ्यांसमोर असून पाहिली नव्हती. नेट मीटरचं खातं ३१ मार्चला बंद होतं. दिवसभर जास्तीची वीज तारेत गेली की ती तुमच्या नावावर जमा होते, पुढच्या महिन्यात वळती होते, पण मार्चअखेरीला जे शिल्लक राहील त्याचा कंपनी घाऊक भावाने हिशेब करून टाकते, बिलाच्या दरापुढे चिल्लर. एक एप्रिलला पाटी कोरी. आता आमच्या वसईचं ऊन बघा. नोव्हेंबर ते मार्च आभाळ मोकळं, हवा त्यातल्या त्यात गार, वापर कमी. म्हणजे शिल्लक साठते ती नेमकी मार्चपर्यंत. आणि ती पुसली गेल्यावर लगेच एप्रिल-मे, एसीचे दिवस. त्यामागे पाऊस. जुलैच्या एखाद्या काळ्याकुट्ट दिवशी तीन किलोवॉटमधून दोन-तीन युनिटसुद्धा निघत नाहीत, तेच मार्चमध्ये चौदा-पंधरा निघतात. सर म्हणाले, "हे म्हणजे भाताची कापणी झाली की कणगी उलटी करायची आणि आषाढात शेजाऱ्याकडे सूप घेऊन जायचं."

म्हणून मी आता वार्षिक वापरापेक्षा मोठी सिस्टीम कुणाला सांगत नाही. "पुढे एसी घेऊ" म्हणणाऱ्याला म्हणतो, आधी एसी घ्या. स्ट्रक्चरला दोन पॅनेलची जागा सोडून ठेवतो.

आणि मे महिना म्हणजे सोलरची दिवाळी, हाही गैरसमज. पॅनेलला प्रकाश हवा, उकाडा नको. पंचवीस अंशांच्या वर काच तापली की दर अंशाला उत्पादन एक तृतीयांश टक्क्याच्या आसपास घसरतं, आणि मेच्या दुपारी ती काच साठ अंशांच्या वर जाते. हात ठेवून बघा, म्हणजे नका बघू.

उन्हाने मला एकदा चांगलंच पकडलं, ते सांगायलाच हवं, कारण चूक माझी होती. आमचा अक्षांश साधारण साडेएकोणीस. मेच्या मध्यावर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या खांबाची सावली खांबाच्याच पायात पडते. अशाच एका मेमध्ये, भर दुपारी, मी एका घराचा सर्व्हे केला. दक्षिणेला शेजाऱ्याचं आंब्याचं झाड होतं, गच्चीच्या कठड्यापेक्षा बरंच उंच. गच्चीवर त्याची सावली एक पानभरही नव्हती. मी खुशाल लिहिलं: सावली नाही.

डिसेंबरात फोन आला. "भाऊ, तुमच्या ॲपमध्ये काहीतरी गडबड आहे, निम्मीच वीज दाखवतंय." गेलो. दुपारचे बारा. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला इतका कलतो की मध्यान्हीलाही जेवढी झाडाची उंची, जवळजवळ तेवढीच लांब सावली उत्तरेला पडते. आंब्याची सावली खालच्या ओळीतल्या दोन पॅनेलवर आरामात पसरली होती. आणि सहाही पॅनेल एकाच माळेत जोडलेली. जुन्या वाड्यांत रहाट होते तेव्हा माळेतलं एक गाडगं अडकलं की अख्खी माळ मंदावायची, तसंच. पॅनेलच्या आत अडलेला भाग वगळायला डायोड असतात, पण तोटा व्हायचा तो होतोच.

शेजाऱ्याकडे गेलो. तो म्हणाला, "आंबा माझ्या आजोबांनी लावलाय. तुमचं सोलर कुणी लावलं?" त्याला उत्तर नव्हतं. दोन पॅनेल उचलून जिन्याच्या टोपीवर नेली, माझ्या खर्चाने. त्या आंब्याच्या कैऱ्या दरवर्षी माझ्या घरी येतात, शेजाऱ्याकडून. तो मला गिऱ्हाईक समजतो.

माड तर वेगळंच प्रकरण. माडाची सावली बारीक, पण झावळ हलत राहते, म्हणून इन्व्हर्टरवरचा आकडा सारखा नाचतो. आणि नारळ पडतो. एकदा पहाटे चार वाजता पडला. काच फुटली म्हणजे तुकडे होऊन खाली आली नाही, कोळ्याच्या जाळ्यासारखी तडकून जागच्या जागी राहिली, आणि गंमत म्हणजे ते पॅनेल त्या दिवशी थोडीफार वीजही देत होतं. मालक म्हणाले, चालतंय ना, राहू दे. पाऊस त्या तडांतून आत शिरला की अर्थिंगचा घोळ होतो, हे पटवायला मला दोन फेऱ्या लागल्या. तो नारळ त्यांनी मलाच दिला.

आता लोखंडाचं सांगतो, कारण पैसे इथे बुडतात आणि कळत नाही. समुद्र पापडीपासून लांब नाही. हवेत मीठ. स्ट्रक्चर गॅल्व्हनाइज्ड आहे असं सगळेच सांगतात, आणि पाइप खरंच तसे असतात. पण जागेवर वेल्डिंग मारलं की तिथला जस्ताचा थर जळून जातो. मग त्या काळ्या डागावर चंदेरी रंगाचा एक हात. फोटोत झकास दिसतं. दुसऱ्या पावसाळ्यात त्याच सांध्यातून तांबडं पाणी ओघळायला लागतं. बोल्टाने जोडलेलं स्ट्रक्चर महाग पडतं, म्हणून कोटेशनमध्ये ते कुणी सुटं लिहीत नाही. तुम्ही गच्चीवर जाऊन एकच बघा: सांधा वेल्डचा आहे की बोल्टाचा. बाकी पॅनेल कुठल्या कंपनीचं, यावर तासभर वाद घालणारे लोक मी पाहिलेत, सांध्याकडे बघणारे दोन.

धुण्याचंही तसंच. उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी ओतायचं नाही, पहाटे धुवायचं, एवढं सगळ्यांना माहीत. पण आमच्याकडच्या कित्येक विहिरींचं आणि टँकरचं पाणी क्षारयुक्त. ते वाळलं की काचेवर पांढरे ठसे उरतात, धुळीपेक्षा चिवट. एक बाई मला म्हणाल्या, "आम्ही दर आठवड्याला धुतो, तरी युनिट कमी होतायत." गच्चीवर जाऊन बघितलं तर काचा दुधाच्या पिशवीसारख्या झाल्या होत्या. धुण्यामुळेच. पावसाचं पाणी पिंपात धरून ठेवा म्हटलं.

कागदपत्रांचा एक किस्सा सांगतो, घर ओळखू येणार नाही असा. वसईत असली घरं शेकड्यांनी आहेत, म्हणून चालेल. बिल आजोबांच्या नावावर. आजोबा जाऊन तीस वर्षं झाली, पण बिल त्यांच्याच नावाने येतं, घरातले त्यांच्याच नावाने भरतात, आणि कुणाला काही वाटत नाही. सोलरच्या अर्जात मात्र बिलावरचं नाव, आधार आणि बँकेचं खातं जुळावं लागतं. आजोबांचं खातं कुठून आणणार? म्हणजे आधी मीटर नातवाच्या नावावर. आणि त्यासाठी बाकीच्या वारसांची संमती.

तिथे खरा करंट बसला. नातू तिघे: धाकटा इथे राहतो, मोठा मिरा रोडला, मधला दुबईत. तीस वर्षं वाटणीचा विषय कुणी काढला नव्हता. सोलरने काढला. मोठ्याला वाटलं, हा मीटरच्या आडून घर लाटतोय. धाकट्याला वाटलं, एवढी वर्षं बिल मी भरतोय आणि आता हे बोलणार? मी दोन महिने त्या ओटीवर मध्यस्थासारखा बसलो. सर्व्हेचे पैसे मागायची सोय नव्हती. शेवटी दुबईवाल्याचा फोन आला. त्याने सही दिली, मोठ्यालाही तयार केलं, पण एक अट घातली: नाताळला आम्ही सगळे येऊ तेव्हा वरच्या दोन्ही खोल्यांत एसी लागला पाहिजे आणि त्याचे युनिट कुणी मोजायचे नाहीत. धाकटा कबूल झाला. त्या घराच्या डिसेंबरच्या काडीकडे मी अजून बघतो. ती ताठ उभी असते.

आणि अंधाराचा किस्सा. तो ऐकवल्याशिवाय मी कुठल्याच घरात काम घेत नाही.

एका घरात सिस्टीम सुरू झाली त्याचा आशीर्वाद करायचा होता. फादर आले, गोतावळा जमला, खाली इंद्याल शिजत होतं. फादरनी प्रार्थना म्हटली आणि पवित्र पाणी शिंपडलं, थेट इन्व्हर्टरवर. माझ्या पोटात गोळा आला. मग आठवलं, हा आयपी-६५ आहे, पाण्याचा फवारा सोसतो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्याच क्षणी पंखे थांबले. लाइट गेली. कुठेतरी केबलचा फॉल्ट.

भर दुपार, डोक्यावर रणरणतं ऊन, गच्चीवर नवी कोरी सहा पॅनेल, आणि खाली सगळे वही-पेपर हलवत बसलेले. घरमालकांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं फादरच वाचवतील.

गोष्ट साधी आहे. बॅटरी नसलेला इन्व्हर्टर ग्रिडला धरून चालतो. ग्रिड गेली की तो स्वतःहून बंद पडतो, आणि पडलाच पाहिजे. नाहीतर तुमच्या गच्चीवरची वीज उलटी तारेत जाईल आणि खांबावर चढलेल्या लाइनमनला बसेल. तो समजतो तार मेलेली आहे. हे मी मालकांना समजावलं. ते म्हणाले, "म्हणजे मी दोन लाख देऊन लाइनमनला वाचवतोय?" फादर हसले, म्हणाले, "तेही पुण्यच आहे."

लोकांची मात्र चूक नाही. १७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा वसई-विरारमध्ये खांब आडवे झाले, झाडं तारांवर पडली, कित्येक भागांत लाइट यायला दिवस लागले. मोबाइल चार्ज करायला लोक गाड्यांत बसून राहिले. त्या अनुभवाने कुणीही म्हणणार, आपलं स्वतःचं हवं. पण "स्वतःचं" म्हणजे हायब्रीड इन्व्हर्टर आणि लिथियमची बॅटरी, आणि त्याने खर्च आणखी लाखाच्या घरात चढतो. मग सरांच्या वहीतली पावणेपाच वर्षं कुठल्या कुठे जातात. ज्याच्या घरी ऑक्सिजनचं मशीन लावलेला पेशंट आहे त्याला मी ते घ्याच म्हणतो. त्याला वसुली विचारायची नसते. ज्याला फक्त मॅच बघायचीय त्याला म्हणतो, एक साधा बॅटरी-इन्व्हर्टर वेगळा ठेवा, सोलरपासून लांब.

सबसिडीत भारतात बनलेल्या सेलची आणि पॅनेलची अट आहे, ती महाग पडतात. म्हणून काही जण सुचवतात, सबसिडी सोडा, स्वस्त माल लावा, भानगड नको. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी बारावरून पाच टक्के झाल्यावर हा सल्ला जास्तच ऐकू यायला लागला. तीन किलोवॉटच्या घराला तो परवडत नाही, अठ्ठ्याहत्तर हजारांची बरोबरी होत नाही. दहा किलोवॉटच्या बंगल्याला कदाचित परवडेल. पापडीत तसे बंगले मोजके, पण सल्ला सगळ्यांना सारखाच मिळतो.

सोसायट्यांचं मी फार बोलत नाही. गच्ची कुणाची, वरच्या पत्र्याच्या शेडचं काय, कन्व्हेयन्स झालंय का, इथपर्यंत मीटिंग पोचते तेव्हा चहा संपलेला असतो.

आता शेवटचं घर. गेल्या एप्रिलमधलं.

दोन मजली, सून बँकेत, मुलगा रेल्वेत, आणि आजी. सगळं छान जमत होतं. बिल साडेतीनशे युनिटचं, दक्षिण मोकळी, मीटर मुलाच्या नावावर. असं घर वर्षातून एखादंच भेटतं. मी गच्चीवर टेप टाकला. आठ फूट उंच स्ट्रक्चर, खालून चालता येईल असं, पूर्ण गच्चीवर. आजी काठी टेकत जिना चढून आल्या. मी मोजतोय ते बघत राहिल्या.

"हे सगळं झाकणार?"

"हो आजी. खाली मस्त सावली होईल. बसायला."

"मला सावली नको. मिरच्या कुठे वाळवू?"

मी हसलो, मुलगाही हसला. आजी हसल्या नाहीत. वर्षाचा मसाला, सुकट, आणि कधी वाडीतली राजेळी केळी उतरली तर सुकेळी. त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं. शेजारच्या दोन घरांतल्या मिरच्यासुद्धा इथेच वाळतात, कारण त्यांच्या गच्चीवर आधीच सोलर आहे. मीच लावलेलं.

मी परत बसलो. सहा पॅनेलऐवजी पाच धरली तर काय होतं ते मांडलं. जे जाणार होते ते वरचे महागडे युनिट नव्हतेच, खालचे स्वस्त होते. वर्षाला साधारण चार हजारांचा फरक. पूर्वेच्या कोपऱ्यात साधारण आठ फूट बाय दहा फूट मोकळं राहत होतं, सकाळी सातपासून दुपारी तीनपर्यंत ऊन. मी ते खडूने आखून दाखवलं. आजी त्या चौकोनात जाऊन उभ्या राहिल्या, वर बघितलं, मग कठड्याकडे.

"इथे तो पाइप येईल का?"

"नाही येणार."

"मग ठीक आहे."

कोटेशनमध्ये मी तेव्हा पहिल्यांदा एक ओळ घातली: पूर्वेचा कोपरा मोकळा सोडणे. समोर रक्कम काही नाही. मुलाने सही केली. मेच्या पहिल्या आठवड्यात आम्ही काम संपवलं तेव्हा चादर पसरलेली होती, वर काश्मिरी आणि बेडगी वेगवेगळ्या, कावळ्यांसाठी दोरीला काळी पिशवी बांधलेली. पोरं ड्रिल घेऊन चादरीला वळसा घालून जात होती, शिंकत होती.

निघताना आजींनी बरणी दिली. कागदाची चिठ्ठी चिकटवलेली, तारीख घातलेली. म्हणाल्या, "पुढच्या वर्षी बघायला ये, ऊन पुरलं का ते."